अज्ञात वाहन

पेपरमध्ये जवळजवळ रोज एक बातमी असते. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत इसम ठार.' दोन-तीन ओळी, शेवटी 'पुढील तपास सुरू आहे', बस्स! दुसऱ्या दिवशी गाव बदलतं, बातमी तीच. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्या डोक्यात याला शब्द 'हिट अँड रन'. पण मला आपला मराठी शब्दच जास्त खरा वाटतो. कारण वाहन अज्ञात राहिलं की पुढचं सगळंच अज्ञात राहतं. गुन्हेगार, न्याय आणि हक्काचे पैसेसुद्धा!

मागच्या दिवाळीत मी मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला मामाकडे गेले होते. शेजारचे एक काका संध्याकाळी सायकलवर शेतातून येत होते. मागून गाडीने उडवलं आणि गाडी पसार! मामा आणि मी पोचलो तेव्हा पंधरा-वीस माणसं गोल करून उभी आणि मधे काका कण्हत पडलेले. कुणीतरी म्हणालं, "पोलिसाच्या लफड्यात कोन पडते बापा?" मामाने उत्तर न देता १०८ ला फोन लावला. काका वाचले, पण मांडीचं हाड मोडलं.

ती माणसं काही वाईट नव्हती. घाबरलेली होती. पण या भीतीवर उपाय केव्हाच झाला आहे. मार्च २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर केस होत नाही, त्याला नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हेही तोच ठरवतो. म्हणून आधी १०८, मग ११२. मान-पाठ उगाच हलवू नका, तोंडात पाणी ओतू नका.

दुसरी गोष्ट पुराव्याची. २८ सप्टेंबर २००२ ची वांद्र्याची केस सगळ्यांना ठाऊक आहे. फुटपाथवर झोपलेल्यांवर गाडी गेली, एक ठार, चार जखमी. मे २०१५ मध्ये सेशन्स कोर्टाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा दिली आणि डिसेंबरमध्ये हायकोर्टाने पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. गाडी माहीत असूनही तेरा वर्षांनी ही गत, तर गावच्या रस्त्यावर काय होणार? म्हणून नंबर पूर्ण दिसला नाही तरी शेवटचे दोन आकडे, रंग, गाडीचा प्रकार, कुठल्या दिशेला गेली हे लगेच मोबाईलमध्ये टिपा. फुटलेल्या हेडलाईटच्या काचा, रंगाचे टवके यांवरूनही गाडीचं मॉडेल शोधता येतं. ते झाडून टाकू नका. फोटो काढा आणि पोलिसांना दाखवा.

आता पैशाचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण इथे अगदी फिट बसते. गाडी सापडलीच नाही तरी सरकारी भरपाई मिळते, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी पन्नास हजार रुपये ठरले. त्याआधी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांच्या पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा, मंजुरी कलेक्टरची. सोबत एफआयआरची प्रत, दवाखान्याची कागदपत्रं, ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक. वकील लागत नाही. काकूंना मी अर्ज भरून दिला. घरातला कमावता माणूस खाटेवर, अशा वेळी पन्नास हजार म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की महिनाभरात गाडी सापडली नाही तर पोलिसांनीच या योजनेची माहिती द्यावी. तरी आपण विचारलेलं बरं.

आणि आपणच हँडलवर असलो तर? कलम १३४ म्हणतं, थांबा आणि जखमीला उपचार मिळवून द्या. जमाव मारेल अशी भीती असेल तर सरळ जवळचं पोलीस स्टेशन गाठा. चोवीस तासांच्या आत कळवणं बंधनकारकच आहे. पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या नव्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. पण थांबायला दहा वर्षांची धमकी कशाला हवी?

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये किती बाईक उभ्या असतात, बघा जरा! पेपरमधलं वाहन आपल्याला अज्ञात असतं, चालवणाऱ्याला कधीच नसतं.