शाईचा रूळ, रंगीत कार्डं

रूळ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आगगाडीचे रूळ? की वहीवर रेघा मारायचा तो लाकडी गोल रूळ? मी सांगणार आहे तो या दोन्हींपेक्षा वेगळा. चार बोटं रुंद, रबराचा, एका मुठीत अडकवलेला आणि लाटण्यासारखा गरगर फिरणारा. छापखान्यात त्याने शाई पसरवतात. आमच्या वर्गात मात्र त्याने भेटकार्डं होतात!

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात चौथीच्या वर्गाला शिकवते. तालुक्याच्या गावी एक जुना छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं तिथे छापली जायची. खिळे जुळवून छापायचं काम बंद झालं, तेव्हा मालकांनी प्रूफ काढायचा हा हातरूळ मला दिला. म्हणाले, "बाई, याला आता इथे काम नाही. पोरांना न्या."

या रुळाची एक गंमत सांगते. फार पूर्वी छापखान्यात रूळ नव्हतेच. लोकर भरलेले चामड्याचे गोळे शाईत बुडवून खिळ्यांवर थोपटत. एकोणिसाव्या शतकात रूळ आले, ते कशाचे असत, ओळखा पाहू? सरस आणि काकवी एकत्र शिजवून ते ओतलेले असत! उकाड्यात ते मऊ पडत. रबराचे रूळ त्यानंतरचे. काकवीचं नाव काढताच माझ्या वर्गातल्या मुलांचे कान टवकारले. कारण आमच्या गावाचं आणि उसाचं नातं जरा निराळं आहे.

दसरा-दिवाळी झाली की गावातल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. आईबाबा ऊस तोडायला साखर कारखान्याकडे निघतात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण काहींना जावंच लागतं. धाकट्या भावंडाला सांभाळणार कोण? ती मुलं चार-पाच महिने तिकडे, उसाच्या पाचटाच्या कोपीत. परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. काही मग शाळेत येतच नाहीत. म्हणून आम्ही ठरवलं, जाणाऱ्या प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं. आत लिहायचं, 'तुझी जागा राखून ठेवली आहे.'

पण एक अडचण आली. वर्गात चित्रं छान काढणारी मुलं चौघं-पाचच. बाकीची म्हणू लागली, "बाई, मला चित्र नाही येत." आता मित्राला कार्ड द्यायचं, ते दुसऱ्याकडून काढून घेऊन कसं चालेल? तिथे आमच्या मदतीला रूळ धावून आला. त्याला चित्र यावं लागत नाही, हात फिरवता आला की झालं!

फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर चमचाभर पोस्टर कलर घ्यायचा. पाणी घालायचं नाही. ग्लिसरिनचे दोन थेंब टाकले तर रंग लवकर वाळत नाही. रूळ उभा, आडवा फिरवायचा. रंग सारखा पसरला की 'चर्रर्र' असा बारीक आवाज येतो. तो आला की रूळ तयार. मग काय काय करता येतं पाहा.

आकाश: निळा, गुलाबी आणि पिवळा रंग शेजारी शेजारी ठेवा. रूळ एकाच दिशेने फिरवा. कार्डावर एका फटक्यात संध्याकाळ उतरते. खाली डोंगर हवेत? मग कागद डोंगरासारखा फाडून आधी तिथे झाकण ठेवा.

पान: पिंपळाचं पान उलटं ठेवून त्याच्या शिरांवर रंगीत रूळ फिरवा. पान कार्डावर पालथं घाला, वर कोरा कागद ठेवून दाबा. शीर न् शीर उमटते. किंवा पान कार्डावर नुसतंच ठेवून त्यावरून रूळ फिरवा. पान उचललं की खाली पांढरं पान!

दोरा: रुळाला रबरबँड किंवा सुतळी गुंडाळा आणि त्यावर रंग घ्या. कार्डावर पट्टे उमटतात, शेतातल्या सऱ्यांसारखे.

मेणबत्ती: पांढऱ्या मेणबत्तीने कार्डावर मित्राचं नाव लिहा. ते दिसणार नाही. वरून पातळ रंगाचा रूळ फिरवा. मेणावर रंग बसत नाही, म्हणून नाव आपोआप वर येतं. ही युक्ती मुलांना सगळ्यांत आवडली!

ठसा: बटाट्याचा किंवा भेंडीचा ठसा रंगात बुडवू नका, त्यावर रूळ फिरवा. उंच भागालाच रंग लागतो आणि ठसा स्वच्छ येतो. अक्षर कोरायचं तर उलटं कोरा, आरशात दिसतं तसं. नाहीतर 'क' वाचता वाचता मित्राची मान वाकडी होईल!

त्या वर्षी अकरा मुलं गेली. प्रत्येकाच्या दप्तरात एकेक कार्ड होतं. पाडव्यानंतर मुलं परतू लागली. नऊ जण आले. एक मुलगी पहिल्याच दिवशी वहीतून कार्ड काढून म्हणाली, "बाई, मी तिकडं कोपीत हे लावलं होतं." कार्ड धुराने पिवळं पडलं होतं, पण मेणबत्तीने लिहिलेलं नाव तसंच होतं. दोघं मात्र आले नाहीत. त्यांच्या घरी मी दोनदा जाऊन आले. त्यांच्या जागा आम्ही अजून कोणाला दिलेल्या नाहीत. कार्डाने ऊसतोड थांबत नाही, हे मलाही कळतं. पण आपली कोणीतरी वाट पाहतंय, एवढं तर ते सांगतं ना?

तुमच्याकडे असा रूळ नसेल तर हिरमुसू नका. वीतभर प्लॅस्टिकच्या पाइपवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट चढवा. आतून काठी घाला. दोन्ही टोकं हातात धरली की झाला रूळ! आईचं लाटणं मात्र घेऊ नका हं, पोळ्या निळ्या होतील! काम झालं की रूळ लगेच धुवा आणि टांगून ठेवा. रबरावर टेकवून ठेवला तर तो एका बाजूने चपटा होतो.

तुमच्याही वर्गातून कोणीतरी गाव सोडून गेलं असेल, किंवा आजारी पडून घरी असेल. या रविवारी पहिलं कार्ड त्याच्यासाठी करा. आणि आत दोन ओळी लिहायला विसरू नका बरं का!