वजनकाट्याला न कळणारी ताकद

आदरणीय प्रदीपकुमारजी,

सुईच्या नशेनं मणिपुरातली कितीतरी घरं पोखरली, त्या वाटेवर तुम्हीही सापडलात. २००० साली एचआयव्हीचं निदान झालं. पुढे तुम्ही वजनं उचललीत, शरीरसौष्ठवाच्या मंचावर उभे राहिलात आणि आपला आजार चारचौघांत सांगितलात.

१ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, सरकारकडून मोफत मिळू लागली. पहिल्या टप्प्यात तुमचं राज्य होतं, आमचंही. तेव्हाच्या स्टॅव्ह्युडिन या औषधानं जीव वाचायचा, पण गाल बसायचे, हातापायांच्या शिरा उघड्या पडायच्या. चेहऱ्यावरून लोक ओळखत. आता रोजची एक गोळी विषाणू दाबून ठेवते. तेव्हा तिशीत असलेली माणसं आज पन्नाशी ओलांडताहेत. स्नायू झिजतात, गोळीतल्या टेनोफोविरनं हाडांची घनता थोडी घटते. तिच्यातल्याच डोल्युटेग्रॅविरनं काहींचं वजन वाढतं आणि घरचे म्हणतात, तब्येत सुधारली! ते वजन ताकदीचं की नुसत्या चरबीचं, हे काटा सांगत नाही. गोळ्या चुकल्या का, हे एआरटी केंद्रावर विचारतात. जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का, हेही विचारायला हवं.

डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये विश्रांती देत ताकदीचा व्यायाम केला तरी ताकद आणि स्नायू वाढतात, प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी घटत नाहीत, हे अभ्यासांतून दिसलं आहे. सुरुवातीला खुर्चीवरून ऊठबस, भिंतीला जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या पुरतात. मग हळूहळू वजन वाढवायचं. सोबत डाळ, अंडी, शेंगदाणे. डब्यातली पावडर मात्र जपून: तिच्यात कॅल्शियम किंवा लोह असेल आणि पोट रिकामं असेल, तर डोल्युटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही. गोळी पावडरीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यावी. क्रिएटिन घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगावं, नाहीतर क्रिएटिनिनचा आकडा पाहून मूत्रपिंडाची उगाच धास्ती बसते.

जिमची भीती वेगळीच. घामानं, डंबेलनं एचआयव्ही पसरत नाही. ट्रेनरला सांगण्याची सक्ती नाही, आणि कळलं म्हणून कुणाला दार बंद करणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं बेकायदा ठरवलं आहे.

तुमचे पीळदार दंड पाहून तरुण पोरं जिमकडे वळतील. पण पाणी भरताना गुडघे धरणाऱ्या बाईला ते चित्र आपलं वाटत नाही. म्हणून एक मागणं आहे. यापुढे बोलाल तेव्हा पदकांच्या आधी पहिल्या महिन्याबद्दल सांगा: किती हलकं वजन उचलत होतात, किती लवकर दमत होतात.

तुमची,
एक वाचक