दार उघडे, वाट अनोळखी

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज ही संस्था आपल्याकडील मंडळींना सहसा ठाऊक नसते. तिकडे गेलेली आपली मुले थेट विद्यापीठात जातात. हे कॉलेज मात्र गावातले, दोन वर्षांचे, अल्प फीचे आणि प्रवेशासाठी गुणांची अट न घालणारे. कॅलिफोर्नियाने १९६० च्या आपल्या शिक्षण-आराखड्यात त्याला मानाचे स्थान दिले. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांशांना स्टेट कॉलेजे, आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुले. तेथे दोन वर्षे चांगला अभ्यास केलेल्याने विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जावे, अशी ही योजना. मानवी जनुकसंचाच्या वाचनामुळे गाजलेले क्रेग व्हेंटर याच वाटेने सॅन मटेओच्या कॉलेजातून सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेले.

माझी कन्या अशाच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बडोद्यात माझा जन्म याच विषयाच्या अध्यापनात गेला; त्यामुळे तिच्याकडे मुक्काम असला की तेथील अभ्यासकेंद्रात मीही मुलांची गणिते पाहत बसे. शेतमजुरांची मुले, रात्री उपाहारगृहात राबणारे तरुण, लेकराला शेजारणीकडे ठेवून आलेली आई. बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले. बुद्धीत ती माझ्या बडोद्याच्या विद्यार्थ्यांहून कोठे उणी वाटली नाहीत.

ती अडतात ती भलत्याच ठिकाणी. विज्ञानाचे विषय साखळीसारखे असतात. कॅल्क्युलस झाल्याविना त्यावर आधारलेले भौतिकशास्त्र घेता येत नाही. सामान्य रसायन झाल्याविना सेंद्रिय रसायन नाही. एक कडी चुकली की पुढचे सारे एका सत्राने, कधी वर्षाने लांबते. जीवरसायनशास्त्राची ओढ असलेल्या दोघी मैत्रिणींनी बीजगणिताच्या आधारे शिकवले जाणारे भौतिकशास्त्र पूर्ण केले होते, तेही उत्तम गुणांनी. अर्ज भरताना कळले की त्यांना हव्या असलेल्या विद्यापीठाला कॅल्क्युलसवर आधारलेलेच हवे. दोन्ही विषयांचे नाव एकच. मग विचारणार तरी काय? एकीने आणखी एक वर्ष काढले आणि ती पुढे गेली. दुसरीच्या घरी तिच्या पगाराची वाट पाहत होते. ती परतली नाही.

यावर उपाय फार थोर नाहीत. १९७० मध्ये ओकलंड येथे सुरू झालेला ‘मेसा’ हा उपक्रम पुढे कम्युनिटी कॉलेजांतही आला. एक हक्काची खोली, एकत्र अभ्यास करणारा गट, आणि पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यासमोर बसून पुढच्या साऱ्या सत्रांचा तक्ता मांडणारा सल्लागार, एवढेच त्याचे भांडवल. विद्यापीठात पोहोचल्यावरही हा हात सुटू नये. तेथे बहुतेक ठिकाणी दहा आठवड्यांत सत्र संपते, आणि नवख्याचे पहिल्या सत्रातील गुण पुष्कळदा घसरतात. ती घसरण अनेकांची होते, हे आधी सांगणारे कोणी असले तर मूल ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून विज्ञान सोडत नाही.

आपण बडोदेकर १९१३ ची गोष्ट अभिमानाने सांगतो. सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तो अभिमान रास्तच आहे. पण आपल्या जुन्या घराण्यांना शिष्यवृत्तीखेरीज आणखी एक धन आयते मिळाले, त्याची मोजदाद आपण करीत नाही. वाड्यात कोणी काका आधीच पदवीधर असत. कोणता विषय घ्यावा, अर्ज केव्हा करावा, कोणाला भेटावे, हे जेवताना पानावरच कळे. त्याला आपण घरचे वळण म्हटले आणि पुढे गुणवत्ता समजू लागलो.

आपल्या शहरातील विज्ञानशाखेतही आज घरातील पहिले शिकणारे विद्यार्थी बसतात. त्यांना घरी असे काका नाहीत. आपल्या मंडळात निवृत्त प्राध्यापक आणि अभियंते पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या संध्याकाळी बऱ्याचशा मोकळ्या असतात.