दिवे लावले आणि काटा पडला

आमच्या जालन्यात जुन्या लोखंडाला मान फार. ते ट्रकमध्ये बसून गावोगावहून येते, भट्टीत वितळते आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसते. त्यामुळे परवाच्या चैत्रात मी १९६६ सालची, दोनच माणसांची, कापडी टपाची एम.जी. मोटार पुण्याहून घरी आणली, तेव्हा समोरचे वकीलसाहेब गॅलरीतूनच म्हणाले, "थेट एम.आय.डी.सी.त न्यायची सोडून घरी कशाला आणलीत?" आमच्या हिने त्यांना लगेच चहाला बोलावले. यावरून तिचे मत काय होते ते कळावे.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. दादा गेला, मुले परदेशी, आणि गाडीचे काय करायचे हा प्रश्न निघाला तेव्हा माझ्या तोंडून "मी नेतो" असे निघून गेले. मला मोटारींतले फारसे कळते असे नाही. पण लहानपणापासून दादाच्या शेजारी बसून मी एक गोष्ट पाहिली होती. तो गाडी हाकताना वेगाच्या काट्याकडे बघतच नसे. त्याचे लक्ष दुसऱ्या तबकडीवर असे. "वेग काय, बाहेर बघितलं की कळतो," तो म्हणे, "आत काय चाललंय ते हा सांगतो."

ही दुसरी तबकडी म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची. मिनिटाला इंजिन किती गरगरते हे ती दाखवते. गाडी नुसती उभी असली तर आठशे-हजार, चढावर खालचा गिअर टाकला की तीन-चार हजार, आणि सहा हजारांपासून पुढे लाल पट्टा. तिथे गेलात तर पुढच्या खर्चाला तुम्ही जबाबदार! गॅरेजवाले तिला आरपीएम मीटर म्हणतात. १९४५ ते १९४९ या काळात निघालेल्या टी.सी. नावाच्या एम.जी.मध्ये तर ही तबकडी चालकापुढे असे आणि वेगाची तबकडी शेजारच्या बैठकीपुढे. म्हणजे नवऱ्यापुढे इंजिनाची नाडी, आणि गाडी किती पळते आहे हे बायकोपुढे. पुढच्या गाड्यांत दोन्ही काटे चालकाकडे गेले. हे ऐकल्यापासून आमच्या हिचे म्हणणे असे, की ती पद्धत बंद करणाऱ्याने संसार केलेला नसावा.

आमची गाडी त्यानंतरची, एम.जी.बी. इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत ह्या गाड्या निघाल्या. सगळ्या धरून पाच लाखांवर. त्यातली एक जालन्यात, आमच्या जिन्याखाली.

खंडेनवमीला मी तिची पूजा करायची ठरवली. पूजेआधी स्नान. बाहेरून धुतली, आतून पुसली. फेऱ्यांच्या तबकडीची काच आतल्या बाजूने धुरकटली होती, तेव्हा मागचे नट सोडवून ती बाहेर काढली, साफ केली आणि जागेवर बसवली. झेंडूची माळ घालून गाडी अशी शोभली, की वकीलसाहेबही काही बोलले नाहीत.

दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी बॅटरीने मान टाकली. अंबड चौफुलीच्या बाजूला एका बापलेकाचे वायरिंगचे छोटे दुकान आहे. मुलगा विशीतला, अबोल. ह्या गाडीत मुळात सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बैठकींच्या मागे, फळीखाली असतात. त्याने मापे घेतली, दोन दुकाने फिरला आणि दोहोंच्या जागी बारा व्होल्टची एकच छोटी बॅटरी नीट बसवून दिली. मी तेव्हा बँकेत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या हिसक्याला सुरू झाली. फेऱ्यांचा काटा जरा अडखळल्यासारखा वाटला, पण चालत होता.

संकष्टीला आम्ही राजूरला गेलो. जालन्याहून पंचवीसएक किलोमीटर. जाताना ऊन होते, टप उघडा होता, आणि ही पहिल्यांदाच गाडीविषयी काही वाईट बोलली नाही. गणपतीचे दर्शन झाले, चंद्रोदयाला वेळ होता, तेव्हा उपास घरी जाऊनच सोडू म्हणून निघालो. अंधार पडला. मी दिवे लावले. आणि फेऱ्यांचा काटा, जो अडीच हजारांवर उभा होता, तो निजल्यासारखा शून्यावर पडला.

दिवे मालवले, काटा उठला. लावले, पडला. रस्त्यावर दिवे मालवून खेळ करण्याची सोय नव्हती. घरी येईपर्यंत मी कानांनी गिअर बदलले. ही म्हणाली, "काय दिवे लावलेत!" तो वाक्प्रचार होता की नुसते निरीक्षण, हे मी विचारले नाही.

आता माझी विचारसरणी पाहा. गाडीला शेवटचा हात कुणी लावला? त्या मुलाने. काय केले? बॅटरी बसवली. सकाळी उठून मी फळी उचलली आणि बघतो तर काय, बॅटरीचा पॉझिटिव्ह, म्हणजे अधिक खुणेचा टोक, गाडीच्या लोखंडाला जोडलेला! गल्लीतल्या कुठल्याही मोटारीचे बॉनेट उघडा, बॉडीला उणेच सापडेल. मला चोर सापडला.

मी तडक दुकानावर गेलो. चार-पाच गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यादेखत मी त्या मुलाला अधिक-उणे शिकवायला सुरुवात केली. तो एवढेच म्हणाला, "काका, पहिल्या बॅटऱ्या जशा होत्या तशीच बसवली. मी काही उलटं केलं नाही." मी म्हटले, आत्ताच्या आत्ता वायरी फिरव. त्याने पाना खाली ठेवला. "मी नाही फिरवणार. तुम्ही दुसऱ्याकडून करून घ्या." त्याची मजुरी तीनशे व्हायची होती. मी पाचशेची नोट टेबलावर टाकली, "आधी धंदा शिका, मग दुकान घाला," असे म्हणालो आणि सुटे न घेता निघालो. बाप आत सोल्डरिंग करत होता. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्याकडे जाण्याआधी, कसे कोण जाणे, मला दादाचे पुस्तक आठवले. गाडीबरोबर आलेल्या ट्रंकेत दुरुस्तीचे जाड इंग्रजी पुस्तक होते, पानोपान तेलाचे अंगठे उठलेले. विजेच्या प्रकरणात पहिल्याच पानावर दादाने पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केले होते: पॉझिटिव्ह बॉडीला. त्या काळच्या पुष्कळ इंग्रजी गाड्या तशाच होत्या. एम.जी.बी.त हा रिवाज १९६७ पर्यंत चालला. ही आमची १९६६ची. शिवाय फेऱ्यांच्या तबकडीच्या पोटात एक इवलासा ट्रान्झिस्टर असतो, आणि त्याला उलटी वीज मानवत नाही. मुलाने माझे ऐकले असते तर तबकडी कायमची गेली असती.

आता सरळ माणसाने काय केले असते? सकाळी जाऊन माफी मागितली असती. मी केले ते असे: बॅटरी बरोबर आहे ना, मग त्याने दुसरीकडे कुठेतरी घोळ घातला असला पाहिजे, असे ठरवून मी पुस्तक पुढे वाचू लागलो.

ही तबकडी फेऱ्या मोजते कशा, हे मला तोवर ठाऊक नव्हते. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेरीला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्या फिरत असले तर सोळाशे ठिणग्या. ज्या पांढऱ्या वायरीतून ठिणग्यांच्या कॉइलला वीज जाते, ती वाटेत तबकडीच्या पाठीशी एक वेटोळे घेऊन जाते. आतल्या तांब्याला स्पर्श न करता तबकडी नुसते तिचे ठोके ओळखते, मनगटावर बोट ठेवणाऱ्या वैद्यासारखे. मी ती वायर तपासली. शाबूत. हिरव्या वायरीतून तबकडीला स्वतःची वीज मिळते, तिचा फ्यूज पाहिला. तोही ठीक. तीन रात्री मी जिन्याखाली बॅटरी-दिव्याच्या उजेडात बसलो. ही वर करंज्या करत होती.

तिसऱ्या रात्री ती खाली आली, हाताला पीठ तसेच. मी दिवे लावून काट्याकडे बघत होतो. ती म्हणाली, "अहो, चार तबकड्यांतल्या तीन उजळल्यात, हीच काळी का?"

तीन रात्री मी काटा बघत होतो, त्यामागचा उजेड बघितलाच नव्हता.

वीज आली की तिला परत जायला वाट लागते. मोटारीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंड. तबकडीचा काटा आणि तिच्यातला बारका दिवा, दोघांची परतीची वाट एकच: तबकडीचे कवच, तिथून एक काळी वायर, तिथून बॉडी. ती काळी वायर तुटली तर? वाड्यात आपली मोरी तुंबली की पाणी शेजाऱ्याच्या मोरीकडे वळते, तसे होते. दिवसा दिवे बंद, तेव्हा काट्याची वीज उलटी फिरून आपल्याच दिव्याच्या तारेतून, तिथून बाकीच्या तीन तबकड्यांच्या दिव्यांतून बाहेर पडत होती. काट्याला वीज लागतेच किती! थोडे अडखळत का होईना, त्याचे भागत होते. रात्री दिवे लावले की त्याच वाटेने भरधाव वीज समोरून येई. शेजाऱ्याची मोरीच तुडुंब भरली. दोन्हीकडे दाब सारखा, म्हणून ना काटा हलत होता, ना दिवा पेटत होता.

मी एका वायरीचे एक टोक तबकडीच्या कवचाला आणि दुसरे बॉडीच्या उघड्या लोखंडाला टेकवले. दिवा लागला. काटा आठशेवर जाऊन उभा राहिला. ही "बघा!" म्हणाली आणि करंज्या जळतील म्हणून वर पळाली.

मग मी पाठीवर निजून डॅशबोर्डाखाली डोके घातले. तबकडीच्या मागे दोन नट. त्यांतल्या एकाखाली असायला हवी ती काळी वायर बाजूला लोंबत होती. तुटली नव्हती. कुणी कापली नव्हती. नट बसवताना ती खाली घालायची राहून गेली होती. खंडेनवमीला, झेंडूच्या माळेच्या घाईत.

मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. उठायला जागा कमी होती हेही खरे.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी गाडी घेऊन दुकानावर गेलो. त्या दिवशी होती तेवढी गिऱ्हाइके नव्हती, दोघेच होते. त्या दोघांदेखतच मी सांगितले: बॅटरी बरोबर होती, वायर मी सोडली होती, आणि मी बोललो ते चुकीचे होते. बापाने ह्या वेळी मान वर केली. मुलगा काही बोलला नाही. चिंध्यांना हात पुसत तो गाडीपाशी आला, म्हणाला, "चालू करा." मग, "दिवे लावा." काटा हलला नाही. त्याने वाकून डॅशबोर्डाखाली हात घातला आणि ती वायर ओढून पाहिली.

"काका, नट हातानं आवळला का? खड्ड्यात परत सुटंल." त्याने पान्याने तो अर्धा वळसा आवळला.

मी खिशात हात घातला. "ह्याचे काही नाही," तो म्हणाला, "उलट तुमचेच दोनशे राहिलेत. पण दिवेलागण झाली, आज गल्ल्यातून पैसे बाहेर काढत नाही. उद्या दिवसा या."

दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपून मी गेलो. हिने करंज्यांचा डबा दिला होता. त्याने डबा बापाकडे दिला आणि शंभराच्या दोन नोटा माझ्या हातावर मोजल्या. मी त्या घेतल्या.