डिशमधलं हवामान

आईला दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं, ६० मिलिग्रॅम, कातडीखाली. मनगट मोडलं तेव्हा हाडं विरळ झाल्याचं कळलं आणि हे सुरू झालं. एकही चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. औषध मध्येच थांबलं तर झीज उसळून येते, मणके मोडू शकतात. हे औषध नेमकं कोणाला थांबवतं, ते मी शोधत गेलो आणि प्रयोगशाळेतल्या डिशपर्यंत पोचलो.

आपलं हाड शरीर सतत पोखरतं आणि पुन्हा भरतं. पोखरणारी पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. मज्जेतल्या छोट्या पूर्वज पेशी एकमेकींत मिसळून ही अनेक केंद्रकांची अवाढव्य पेशी होते. हाडाला चिकटून ती आम्ल सोडते आणि खनिज विरघळवते.

१९८८ साली जपानमध्ये ताकाहाशी, सुदा आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी हाड बांधणाऱ्या पेशींसोबत, ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप घालून वाढवल्या. ऑस्टिओक्लास्ट तयार झाल्या. मग दोन्हींच्या मध्ये बारीक छिद्रांचा पडदा घातला. द्रव तोच, खाद्य तेच, फक्त स्पर्श नाही. एकही ऑस्टिओक्लास्ट झाली नाही. म्हणजे 'तयार हो' हा निरोप द्रवात तरंगत नव्हता, शेजारणीच्या अंगावर होता. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याचं नाव कळलं: रँकल. आईचं औषध याच प्रथिनाला धरून ठेवतं.

आता रँकल बाटलीत मिळतं. सोबत एम-सीएसएफ घातलं की झालं, असं वाटेल. तसं होत नाही. पेशी फार विरळ पेरल्या तर त्या एकमेकींना भेटतच नाहीत. वासराच्या सीरमचा लॉट बदलला की मोजणी बदलते. हे ऐकून आई म्हणाली, "विरजण तेच असलं तरी थंडीत दही कुठं लागतं?" आमच्याकडे यालाच 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात. कोड तोच, भोवताल वेगळा.

पण भोवताल म्हणजे नुसती कटकट नव्हे, तीही माहितीच आहे. १९८६ मध्ये आर्नेट आणि डेम्पस्टर यांनी उंदराच्या ऑस्टिओक्लास्ट वेगवेगळ्या पीएचला ठेवल्या. ७.४ ला त्या जवळपास स्वस्थ, ६.८ कडे येताना हाडात खड्डेच खड्डे. पुढे आर्नेट यांच्याच गटाने २००३ मध्ये ऑक्सिजन दोन टक्क्यांवर आणला, तर ऑस्टिओक्लास्ट कितीतरी पटींनी वाढल्या. नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन खोलीतल्या हवेइतका, सुमारे वीस टक्के असतो. मज्जेत त्याहून खूपच कमी. ज्याला आपण 'सामान्य परिस्थिती' म्हणतो, ती पेशीच्या दृष्टीनं परकी हवा आहे.

म्हणून 'अमुक पदार्थ ऑस्टिओक्लास्ट रोखतो' असं वाचलं की मी आता निष्कर्षाआधी कृतीचा भाग उघडतो: पीएच किती, ऑक्सिजन किती, पेशी किती दाट, खाली प्लास्टिक की हाड. हे नसेल तर आकडा अर्धाच आहे.

आणि ही पेशी शत्रूही नाही. ज्या उंदरांत रँकलच नसतं, त्यांची हाडं ठासून भरतात, दात उगवत नाहीत. पोखरणं हे बांधकामाचंच काम आहे. आईच्या हाडांत बिघडलाय तो हिशोब, कामगार नव्हे.