‘त्याला लई देलं, मला उलीसं’

अंगणवाडीत पंगत बसली की मुलं आधी शेजारच्याच्या ताटलीत बघतात, मग स्वतःच्या. परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात मी सेविका होते, तेव्हा रोज दुपारी हेच बघितलं. मदतनीस मावशी पळीनं खिचडी वाढत पुढं सरकायच्या आणि मागून आवाज यायचा, “बाई, त्याला लई देलं, मला उलीसं!” एक मुलगी तर अर्धी खिचडी ताटलीत तशीच ठेवून उठायची, पण वाढताना सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. तिचं भांडण पोटाचं नव्हतंच.

मोठी माणसं याला हावरेपणा म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. तीन वर्षांचं लेकरू ‘मपलं’ म्हणत वस्तू छातीशी धरतं. त्याला वाटणी ठाऊक असते, पण हात सुटत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी ते मोजायला लागतं. हिवाळ्यात कुणाची तरी आई शेतातून ओटीभर बोरं आणून द्यायची. ती मी कधी स्वतः वाटली नाहीत. एका मुलाला वाटायला बसवायचं आणि अट एकच, वाटणारानं आपला वाटा सगळ्यांत शेवटी उचलायचा. पहिल्या खेपेला वाटणारा एक ढीग मोठा करून ठेवायचा आणि तोच दुसरा कुणीतरी उचलून न्यायचा. पुढच्या वेळी मात्र तोच मुलगा या ढिगातलं बोर त्या ढिगात सरकवत बसे. एका टपोऱ्या बोराला दोन बारकी बोरं चालतात का, यावर सगळा वर्ग बोलायला लागे. अंक शिकवायला मला यापेक्षा चांगला तास मिळाला नाही.

दोघांत गोळी एकच असली तर चिमणीचे दात असायचेच. फ्रॉकच्या टोकात गोळी गुंडाळून फोडायची, म्हणजे उष्टी होत नाही. तुकडे कधीच सारखे पडायचे नाहीत. मग मोठ्या तुकड्याला पुन्हा चिमणीचे दात. शेवटी हातात चुरा उरायचा, पण दोघंही खूश.

पुढं याच विषयावरचं संशोधन वाचायला मिळालं. 2015 साली ‘नेचर’मध्ये सात देशांतल्या मुलांचा अभ्यास छापून आला, 4 ते 15 वयाच्या मुलांच्या 866 जोड्या, त्यात भारतातलीही मुलं होती. दोघं समोरासमोर बसायची, गोळ्या कमी-जास्त ठेवलेल्या असायच्या आणि वाटणी घ्यायची की दोघांच्याही गोळ्या घालवायच्या, हे एकानं ठरवायचं. स्वतःला कमी मिळत असेल तर वाटणी झिडकारणारी मुलं सातही देशांत दिसली. स्वतःला जास्त मिळत असतानाही नको म्हणणारी मोठी मुलं मात्र अमेरिका, कॅनडा आणि युगांडा या तीनच देशांत आढळली. हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. माझं मत असं झालं, की कमी मिळाल्याची टोचणी मूल आपोआप शिकतं. जास्त मिळाल्याची टोचणी त्याला घर शिकवतं, नाहीतर शिकवत नाही.

पण आपल्या मुलांना ती शिकता येत नाही, असं कुणी म्हणू नये. दिवाळीनंतर आमच्या भागातली कितीतरी माणसं ऊसतोडीला जातात. काही लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ राहतात. आजीजवळ राहिलेला एक मुलगा वजनात फार खाली आला. अंगणवाडीच्या तेव्हाच्या नियमानं साधारण मुलाला दिवसाला 500 कॅलरींचा आहार असायचा, तीव्र कमी वजनाच्या मुलाला 800 कॅलरींचा. म्हणजे सरकारी नियमातही वाटा सारखा नव्हता. त्याला दुसऱ्यांदा वाढलं की गलका व्हायचा, “त्यालाच का?” मी वजनकाट्याजवळ मुलांना गोळा केलं आणि त्याचं वजन दाखवलं. तरीही काहीजण फुरंगटूनच बसले. पण पाच-सहा वर्षांची एक मुलगी म्हणाली, “त्यो खायाला कच्चा लिंबू हाय, त्याला देऊ द्या.” लंगडीत धाकट्या भावंडाला बाद धरायचं नाही, हे तिला खेळातून माहीत होतं. तोच न्याय तिनं पंगतीत लावला. दुसऱ्या दिवसापासून त्याची ताटली पुन्हा मावशींकडं न्यायचं काम तिनं आपणहून घेतलं.

याच मुलीबद्दल मला सांगायचं आहे. पुढं मी तिच्या घरी गृहभेटीला गेले, तेव्हा चुलीजवळ दोघं भावंडं बसली होती. भावाच्या पेल्यात दूध, तिच्या पेल्यात काळा चहा. अंगणवाडीत बोरं मोजणारी ही पोर तिथं एक शब्द बोलली नाही. तिच्या आईनं सहज सांगितलं, “ती न्हाई मागत, बाई. लई समजूतदार हाय.” भावाला तर दुधाचं काही वाटायचं कारणच नव्हतं, बहिणीच्या पेल्यात काय आहे, हे त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यानंतर मी अनेक घरांत पाहिलं, मुली सहा-सात वर्षांच्या झाल्या की ‘मला उलीसं’ म्हणायचं आधी घरात सोडतात, मग पंगतीत. मुलगे म्हणत राहतात.

मी त्या आईला रागावले नाही. दूध थोडं होतं, हे मलाही दिसत होतं. एवढंच म्हणाले, की आहे तेवढं दोन पेल्यांत ओता आणि ओतायला पोराला सांगा, पेला मात्र बहिणीला आधी उचलू द्या. दूध वाढणार नाही, पण वाटणी पोराच्या हातून होईल.

आयाबायांना माझी विनंती तीच आहे. घरात पापडी, गूळ, शेंगा, दूध, जे असेल ते आठवड्यातून एकदा तरी मुलाला वाटू द्या आणि त्याचा वाटा शेवटी ठेवा. आणि लेक ‘मला कमी दिलं’ म्हणाली, तर तिला गप्प करू नका. भांडं पुढं करून तिला आत बघू द्या.