आजीचा निवडुंग

वडिलांची बदली सोलापूरहून रत्नागिरीला झाली, तेव्हा सामानात सर्वांत शेवटी ठेवली गेली ती एक मातीची कुंडी. तीत वीतभर उंचीचा निवडुंग होता. मधोमध एक जाडसर खांब आणि त्याला बिलगून सात-आठ लहान खांब. जणू एखाद्या किल्ल्याचे हिरवे बुरूजच! तो आजीच्या खिडकीतला. आजी सोलापुरातच राहणार होती. धाकटीच्या हाती कुंडी देताना ती एवढेच म्हणाली, "याला फार लाड सोसत नाहीत हो!"

पण लाड केल्यावाचून धाकटीला कसे राहवणार? रोज सकाळी ती त्याला भांडेभर पाणी घाली. पुढे मृगाचा पाऊस सुरू झाला. सोलापुरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या चौपटीहून अधिक रत्नागिरीला कोसळतो. कुंडी पागोळ्यांखाली होती. धाकटीला वाटे, झाड कसे छान न्हाते आहे!

या झाडाचे माहेर मेक्सिको आणि त्याच्या आसपासचे उष्ण प्रदेश. तिथे पाण्याचा थेंबन् थेंब जपावा लागतो, म्हणून त्याने पानांचे काटे केले आणि अन्न तयार करण्याचे काम हिरव्या खोडावर सोपवले. खोडावरील सूक्ष्म छिद्रेसुद्धा तो दिवसा मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो. एवढ्या काटकसरी जिवाला रोजची मेजवानी कशी पचावी? सदा ओल्या मातीत त्याची मुळे गुदमरली.

श्रावणात एके दिवशी धाकटीने बुंध्याला बोट लावले, तो ते आतच गेले. बुंधा तपकिरी होऊन कुजला होता.

"आजीला कळवू नकोस ना, आई," ती रडत म्हणाली.

"मी नाही कळवणार. तुझे तूच सांग," आई म्हणाली आणि तिने सुरी स्वच्छ पुसून घेतली.

कुंपणावरच्या निवडुंगाची फांदी मोडली की पांढरा चीक वाहतो. इथे चीक नव्हता, केवळ नितळ पाणी. (कुंपणाचा तो निवडुंग मुळी वेगळ्याच कुळातला, हे दोघे नावापुरते सोयरे!) पहिल्या फांदीच्या गाभ्यात तांबूस ठिपका दिसला. आईने ती टाकून दिली. दुसरीही टाकली, तिसरीही. शेवटी गाभ्यापर्यंत निर्मळ अशा दोनच फांद्या हाती राहिल्या.

"आता लावू या?"

"इतक्यात नाही. ओली जखम मातीत घातली, तर याही कुजतील."

फांद्या फडताळात कोरड्या जागी ठेवल्या. आठ-दहा दिवस पुरले असते. पण त्या दमट हवेत कापाला घट्ट खपली धरायला पंधरा दिवस लागले. मग दोन लहान कुंड्यांत जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडीशी माती भरून एकेक फांदी बोटाच्या पेराएवढी खोचली. पाणी मात्र घालायचे नाही! झाडासाठी काही करावे, यापेक्षा काही करू नये, हेच किती अवघड! धाकटी सवयीने भांडे भरून आणी, कुंडीपाशी उभी राही आणि तसेच भरलेले भांडे परत नेई.

महिन्याने तिने एक फांदी हलकेच ओढून पाहिली. फांदी हलेना, मुळांनी माती धरली होती. त्या दिवशी तिला चमचाभर पाणी मिळाले.

दिवाळीत सोलापूरला जाताना धाकटीने एक कुंडी साऱ्या प्रवासात मांडीवर धरली होती. आजीने ती इवलीशी फांदी निरखली.

"आणि मोठा कुठे आहे?"

धाकटीने मान खाली घालून सारे सांगितले. रोजचे भांडे, पागोळ्या, तपकिरी बुंधा, काही वगळले नाही. आजी काहीच बोलली नाही. खिडकीत जुन्या कुंडीचा गोल डाग अजून दिसत होता. धाकटीने नवी कुंडी त्या डागावर ठेवली. डाग तिच्याभोवती पुष्कळ उरला.

इतक्यात आजीने पाण्याचा तांब्या उचलला.

"आजी, नको! परवाच घातले आहे!" धाकटी घाईने ओरडली.

"अगं, हे तुझ्यासाठी आहे," आजी हसून म्हणाली, "इतक्या लांबून आलीस ना!"